रॉयल एनफिल्डच्या ‘कन्सेप्ट केएक्स’ने 1938च्या केएक्सकडून नेमके काय घेतले? अशी गाडी खेड्यात चालली असती का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: नोव्हेंबर 2018 मध्ये इटलीतील मिलान येथील प्रदर्शनात मांडलेल्या कन्सेप्ट केएक्सने (कन्सेप्ट म्हणजे विक्रीसाठी नसून कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली नमुना गाडी) जुन्या गाडीचे केवळ रूप घेतले की बांधणीही घेतली, आणि ती बाजारात आली असती तर खेड्यातल्या माणसाच्या कामी पडली असती का. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे मी बांधणीच्या बाजूनेच उत्तर देतो. माझ्या मते रूप तिने मोठ्या निष्ठेने घेतले. मात्र ते रूप ज्या गरजांतून घडले होते, त्या गरजा मधल्या 80 वर्षांत उरल्या नव्हत्या.

मूळ केएक्स ही 1140 सीसीची, साइड व्हॉल्व्हची व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन सिलिंडर असलेली गाडी होती. या पद्धतीत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला असतात, त्यामुळे इंधन जळण्याची जागा पसरट होते, दाब कमी राहतो आणि इंजिनच्या आकाराच्या मानाने ताकद कमी मिळते. कमी फेऱ्यांवर ओढ मात्र चांगली असते, आणि साइडकार जोडून चालवायच्या गाडीला तेच हवे असे. कन्सेप्टचे इंजिनही व्ही-ट्विनच, पण 838 सीसीचे दाखवले होते; म्हणजे सिलिंडरांची मांडणी जुनी ठेवून मोठ्या आकाराची गरज सोडून दिली.

खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पुढचा गर्डर फोर्क. फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग. आजच्या बहुतेक गाड्यांत एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. गर्डरमध्ये पुढचे चाक एका ताठ सांगाड्यात बसवलेले असते आणि तो सांगाडा हँडलखालच्या मानेला वर व खाली आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. खड्डा आला की संपूर्ण सांगाडा उचलला जातो आणि स्प्रिंग दबते. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक फारसे खाली जात नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची चाल तोकडी असते, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाशी पिन व बुश असल्यामुळे ग्रीस वेळेवर न दिल्यास बुश झिजून हँडल थरथरू लागते. तेलाचा दाब वापरणारे नळ्यांचे फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्येच आणले होते, तरी 1938 साली बहुतेक इंग्रजी गाड्यांना गर्डरच असे. तेव्हा तो रोजच्या वापरातला भाग होता. 2018 मध्ये तो मुद्दाम, डोळ्यांना सुखावण्यासाठी निवडलेला आहे. मला तो अतिशय देखणा वाटतो.

मागच्या बाजूलाही तसेच झाले. जुन्या गाडीला मागे सस्पेन्शन नव्हते, सगळे धक्के सीटखालच्या स्प्रिंगा झेलत. कन्सेप्टमध्ये मागचे चाक एकाच बाजूने धरणारा चिमटा (स्विंगआर्म) आणि दृष्टीआड लपवलेला शॉकअप आहे, म्हणजे दिसायला ताठ चेसिस आणि प्रत्यक्षात सस्पेन्शन. बीएमडब्ल्यूने 1936च्या आर5 वरून 2019 मध्ये जी कन्सेप्ट आर18 दाखवली, तिच्यातही मागचा शॉकअप असाच लपवलेला होता. फरक एवढाच की ती गाडी 1802 सीसीचे इंजिन घेऊन 2020 मध्ये विक्रीला आली आणि केएक्स प्रदर्शनापुरतीच राहिली.

आता दुसरा भाग. जशी दाखवली तशी ती आमच्या भागात चालली नसती. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात जाताना काळ्या मातीचा चिखल टायरवर थरावर थर चढत जातो. मडगार्ड आणि टायर यांत बोटभरच जागा असेल, तर थोड्याच अंतरात माती त्यात दाटून चाक फिरायचेच थांबते; मग गाडी आडवी करून पऱ्हाटीच्या काडीने ती उकरून काढावी लागते. प्रदर्शनाच्या गाड्यांत ही जागा शोभेसाठी जितकी कमी तितकी चांगली मानतात. शिवाय सीट एकट्याचे, आणि येथे दुचाकीवर मागे घरचे माणूस किंवा खताचे पोते असतेच.

अशा गाड्या विक्रीला येतात तेव्हा त्यांत बदल होतात, हेही लक्षात घ्यावे. रॉयल एनफिल्डच्याच 2021 मधील एसजी650 कन्सेप्टची टाकी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली होती. तिच्यावरून आलेल्या शॉटगन 650 ची टाकी नेहमीसारखी पोलादी पत्र्याची आहे.

आपल्याला जुनी ढब हवी असेल आणि गाडी रोज चालवायची असेल, तर 349 सीसीची क्लासिक 350 अधिक सोयीची ठरेल. तिचे रूपही 1948च्या मॉडेल जी2 वरून घेतलेले आहे, पण पुढे नळ्यांचा फोर्क, मागे दोन उघडे शॉकअप आणि एकच सिलिंडर असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी तिचे काम होते. कोणतीही गाडी घ्या, शोरूममध्ये पुढच्या मडगार्डखाली हात घालून टायरपर्यंत किती जागा आहे ते स्वतः पाहून घ्या. पूर्ण तळवा सहज फिरत नसेल, तर पावसाळ्यात ती गाडी शेतापर्यंत नेऊ नका.