देवाचा ‘संकल्प’: करिष्ये की करलालाय?

एका वाचक भगिनीने सोलापुरातूनच विचारलंय: ‘ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्याचे वडील गेले, म्हणून सांत्वनसभेला गेलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, या दुःखाच्या ऋतूत देवाचा संकल्प आपल्याला कळत नाही, तरी त्यावर भरवसा ठेवा. संकल्प तर आपण करतो, देवापुढे बसून. देव कुणापुढे बसणार? त्यांना योजना म्हणायचं होतं का? की इंग्रजीवरून उचललंय?’

इंग्रजीवरून उचललेला असेल तर तो ‘ऋतू’, म्हणजे तिकडचा ‘सीझन’. मराठीत दुःखाचे दिवस येतात, पडता काळ येतो. ऋतू येत नाही. आणि सोलापुरात ऋतू म्हटलं की डोळ्यांपुढे उन्हाळाच येतो, त्याला दुःखाची जोड कशाला! मराठी बायबलातही ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ‘काळ’ आणि ‘समय’ आहेत. नव्या प्रवचनांत मात्र हा ऋतू शिरलाय खरा.

‘संकल्पा’ची गोष्ट वेगळी. तुमच्या मनातला संकल्प पूजेतला आहे. उजव्या तळहातावर पाणी घ्यायचं, गुरुजी सांगतील तसं आधी काळ आणि स्थळ उच्चारायचं (आपल्याकडे ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’), मग तिथी, नाव, गोत्र, कशासाठी करतोय ते. शेवटी ‘करिष्ये’, म्हणजे ‘मी करीन’, आणि पाणी ताम्हणात. म्हणून ‘संकल्प सोडला’ याचा मूळ अर्थ केला असा होतो. एक जानेवारीला व्यायामाचा संकल्प सोडणारे दोन्ही अर्थांनी सोडतात, ते असो.

शब्दाची घडण ‘सम्’ आणि ‘कॢप्’ अशी. ‘कॢप्’ म्हणजे जुळणं, नीट बसणं, घडणं. कल्पना, क्लृप्ती, विकल्प ही सगळी त्याचीच भावंडं. फेब्रुवारीत मांडतात तो अर्थसंकल्पही याच घरातला. म्हणजे संकल्प कुणापुढे बसूनच करावा लागतो असं नाही. पूजा हा त्याचा एक वापर झाला. मनाशी नीट जुळवून ठरवलेलं, ते संकल्प.

आता बायबल. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायाच्या 28व्या ओवीत, ‘त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांना देवाच्या योजनेने सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ असं आहे. एकाच वाक्यात संकल्पही आणि योजनाही! तेव्हा भाषांतरकारांना योजना सुचली नसेल, असं म्हणायची सोय नाही. योजना म्हणजे कामाची आखणी. संकल्प त्याच्या आधीचा, मनात धरलेला. ‘संकल्पा’च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘प्रोथेसिस’ आहे, म्हणजे समोर मांडणं. यहुद्यांच्या मंदिरात देवापुढे मांडून ठेवायच्या ज्या समर्पित भाकरी, त्यांच्या ग्रीक नावातही हाच शब्द येतो.

दुसरी जागा यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातली, 29:11. ख्रिस्ती घरांतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांवर ही ओवी हमखास: ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो.’ इथला हिब्रू शब्द ‘महशावोत’. त्याचा धातू मनात योजणं, रचणं या अर्थाचा. गंमत म्हणजे बायबलातल्याच ‘निर्गम’ या पुस्तकात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, पडद्यांवर आकृत्या विणणाऱ्या कुशल कारागिराचं नावही याच धातूवरून आलंय. मनात नक्षी रचणारा आणि मागावर उतरवणारा! सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथे एक तक्रार करतो. या विषयावरच्या प्रवचनांत भरतकामाचा दाखला ठरलेला: आपल्याला फक्त मागची गुंतागुंत दिसते, नक्षी वरून देवाला दिसते. आपल्या चादरीवर हा दाखला चालत नाही. जकार्डची सोलापुरी चादर उलटून बघा. मागेही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल. पुढे तांबड्यावर पांढरं फूल असेल, तर मागे पांढऱ्यावर तांबडं. विणकराच्या घरात वाढलेल्या श्रोत्याला दाखला द्यायचा तर जरा जपूनच.

कॅलेंडरवर 11वी ओवी असते, 10वी नसते. 10वीत सत्तर वर्षं आहेत. यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेलं ते पत्र आहे. लवकरच सुटाल असं सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते. यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. पत्र ऐकणाऱ्या कित्येकांच्या हयातीत तो संकल्प पुरा व्हायचाच नव्हता. त्यांना पाळकसाहेब म्हणतात तो भरवसा ठेवायचा होता, आणि तोही परमुलखात, मागे वळून बघत.

म्हणून ‘देवाची इच्छा’ इथे पुरत नाही. देवाची इच्छा आपण झाल्यावर म्हणतो: गेला, देवाची इच्छा. विषय मिटला. ‘विधिलिखित’ तर त्याहून बंद. संकल्प अजून पुरा व्हायचा असतो. आणि त्याचं भावंड विकल्प आपल्या बाजूला असतं. मराठीत ‘मनात विकल्प आला’ म्हणजे शंका आली. शोकाच्या घरात बसलेल्या माणसाची ही रस्सीखेच या दोन शब्दांत जशी सापडते, तशी योजनेत नाही सापडत.

‘भरवसा’ही तपासण्यासारखा आहे. बायबलातल्याच ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ‘परमेश्वरावर भाव ठेव’ आहे. भाव हा पंढरीच्या वाटेवरचा शब्द. माझं मत विचाराल तर मला भरवशापेक्षा भाव जवळचा वाटतो. भरवसा बँकेवरही ठेवता येतो.

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मावशी होत्या. नवऱ्याचा यंत्रमाग बंद पडला, त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवायच्या, डझनावर पैसे. संध्याकाळी ओट्यावर गठ्ठा बांधताना मी एकदा विचारलं होतं, ‘मावशी, देवाचा काय संकल्प म्हणायचा हा?’ दोरीचं टोक दातात धरून त्या आपल्या सोलापुरी बोलीत म्हणाल्या, ‘काय करलालाय ते त्यालाच ठाऊक बघ. पण करलालाय.’ आणि गाठ मारून गठ्ठा माझ्या डोक्यावर दिला, कोपऱ्यावरच्या टेम्पोपर्यंत पोचवायला.