वापीला बिऱ्हाड हलवण्याआधी

गुजरातमधल्या वापीचं भाडं बघून लगेच डिपॉझिट देऊ नका, आधी मुलांची इयत्ता बघा. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर, काही अपवाद सोडता, दहावी-बारावी इथूनच लागते. पोर आठवी-नववीत असेल तर हा हिशोब भाड्याहून मोठा. त्याहून लहान असेल तर तिकडे आठवीपर्यंत गुजराती सक्तीची, शिकवणी आत्ताच लावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्याआधीच घ्या, नाहीतर एका शिक्क्यासाठी परत खेप.

गाडी 12 महिन्यांहून जास्त तिकडे राहणार असेल तर फॉर्म 28 भरून आरटीओची एनओसी काढा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेचं संमतीपत्र. घोडं बहुतेक तिथेच अडतं.

नोकरी मुंबईतच? लोकल डहाणू रोडला संपते, पुढे मेमू नाहीतर लांब पल्ल्याची गाडी.