वाडा गळ्यात घालू नकोस

लातूर

पोरी,

तुझे फोटो मिळाले. वाड्याचा दिंडी दरवाजा, वृंदावन, चूल. चांदीत सगळं हुबेहूब उतरलंय. हात तयार झालाय, यात वाद नाही. पण ही भातुकली झाली गं, दागिना नाही. रागावू नकोस, मीही हेच केलंय. पहिल्या वर्षी जात्याचं पदक घडवलं, वरची तळी फिरायचीसुद्धा! भरलं अडतीस ग्रॅम. ज्या बाईंनी कौतुकानं घेतलं, त्यांनीच महिन्याभरात मान चोळत परत आणलं.

आजोळी गेलीस की जात्याचा खुंटा मुठीत धर. दोन-तीन पिढ्यांच्या मुठींनी तो मधे झिजलेला असतो. ती झीज घे, जातं राहू दे.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, साण्याचंही (उजेडासाठी ठेवलेल्या भोकाचंही) तसंच. साण्यातून पडलेला उजेडाचा ठिपका सारवलेल्या जमिनीवरून सरकत देवळीपाशी आला की आमची आजी म्हणायची, "चहा टाका." घरात घड्याळ नव्हतंच. मी त्याचा ब्रोच केला: पातळ, खोलगट चकती, गंधकाच्या द्रावणात काळी केलेली, आणि काठाशी, मधोमध नव्हे, बोटाएवढा भाग घासून उजळलेला. घालणारीला त्यावर अंगठा फिरवायची सवय लागते नि उजेड हळूहळू पसरतो.

म्युनिकच्या ऑटो क्युन्झली या दागिने घडवणाऱ्या कलाकाराचं काम बघ. १९८० मध्ये त्यांनी काळ्या रबराच्या कड्यात सोन्याचा गोळा लपवला. बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. (आपल्या सराफ्यात कुणी विश्वास ठेवला असता?) पुढे वॉलपेपर लावलेले ब्रोचही केले, म्हणजे घराची भिंतच छातीवर. नक्कल मात्र करू नकोस. आपल्या भिंती पांढऱ्या मातीच्या.

आणि एक सांभाळ. औसा-उमरग्याकडे माळवद म्हणजे नुसतं आजोळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३:५६ ला, किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती नि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. त्या भागातल्या एका बाईंनी माझा साण्याचा ब्रोच हातात घेतला, उलटा करून पाहिला, अलगद खाली ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून तो दाखवण्याआधी मी गाव विचारते.

पुढच्या वेळी फोटो नकोत. खुंट्याचा नमुना आधी मेणात कर, मग पितळेत. आठवडाभर अंगावर वागव, स्वयंपाक करताना, बसमध्येसुद्धा. कुठं टोचलं, कुठं अडकलं, ते लिही.

तुझी
मावशी