फ्लॉवरवर दोनदा निंबोळी अर्क मारूनही अळी जात नाही, मावाही आहे. आता कोणतं औषध मारू?

तुम्ही लिहिलंय की लागवडीला महिना झालाय, पानांना भोकं पडलीत, आतल्या कोवळ्या पानांवर मावा आहे आणि आता एखादं कडक औषध हवंय. त्याआधी पान उलटून बघा. फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, सेंटिमीटरभर लांबीची अळी असेल आणि बोट लावताच वळवळत मागे सरकून धाग्याला लोंबत असेल, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. लहान असताना ती पानाचा खालचा हिरवा भाग खरवडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. म्हणून आधी पांढुरक्या खिडक्या दिसतात, भोकं नंतर पडतात. खिडक्या दिसतात तेव्हाच फवारणीची खरी वेळ असते. एका पानावर अळ्यांचा घोळका दिसला तर ती स्पोडोप्टेरा, म्हणजे पानं खाणारी दुसरी अळी; तिचे अंडीपुंज आणि घोळके पानासकट तोडून नष्ट करा.

निंबोळी अर्कानं अळी पटकन मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकता येत नाही, आणि हा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. मोठी झालेली अळी तोवर कोषात जाते. त्यामुळे अंडी आणि बारीक अळीच्या अवस्थेत अर्क उत्तम, पण पानं खाऊन झाल्यावर तो एकटा पुरत नाही.

अर्क बनवण्यातही बरंच बिघडतं. ५ टक्के अर्क म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो वाळलेली निंबोळी, म्हणजेच १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. निंबोळी याच हंगामातली, सावलीत वाळवलेली असावी. बुरशी लागलेली किंवा वर्षापूर्वीची असेल तर जोर राहत नाही. भरड करून ती १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यात घालून पुरचुंडी पुन्हा पुन्हा पिळा, पाणी दुधाळ आलं पाहिजे. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा, गाळा आणि १०० लिटर करा. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो, गुठळ्या नोझलमध्ये अडकतात. तेव्हा साबणाऐवजी चांगलं स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रावण, वापरा. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा, कारण उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर नष्ट होतं. निंबोळी मिळत नसेल तर तयार अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, लिटरला ५ मिलि.

फ्लॉवरच्या पानावर मेणाचा थर असतो. स्टिकर नसेल तर थेंब घरंगळून मातीत जातो, मग औषध कितीही महाग असो. लिटरला अर्धा मिलि स्टिकर घाला, बारीक थेंबांचं नोझल वापरा आणि ते खाली नेऊन पानाच्या मागून मारा. वरून चालत केलेली फवारणी हे अपयशाचं सगळ्यात मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

आता रासायनिक. आधी शेतात वेडंवाकडं फिरून २० झाडं तपासा. झाडामागे सरासरी दोन किंवा जास्त अळ्या असतील तरच फवारा. स्पिनोसॅड २.५ एससी एकरी २४० ते २८० मिलि, २०० लिटर पाण्यात, ही माझी पहिली निवड. सहा-सात दिवसांनी निंबोळी अर्क किंवा बीटी पावडर (अळी मारणाऱ्या जिवाणूची) लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी. बीटी अळीच्या पोटात गेली तरच काम करते, म्हणून तिथेही पानाची मागची बाजू भिजलीच पाहिजे. पुन्हा अळी वाढली तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी एकरी ६० ते ८० ग्रॅम. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससीची कोबीवरची मात्रा एकरी फक्त २० मिलि आहे. कापसाची ६० मिलिची मात्रा इथे आणू नका. बऱ्याच औषधांच्या लेबलवर फक्त कोबी असते, फ्लॉवर नसतो. बाटलीसोबतचं पत्रक वाचून, पिकाचं नाव पाहूनच घ्या.

या पतंगात औषधाची सवय फार लवकर तयार होते. बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही: क्लोरँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड एकाच गटातली, म्हणजे अळीवर एकाच पद्धतीनं काम करणारी, स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम एकाच गटातली. एक गट लागोपाठ दोनदा नको. सायपरमेथ्रिनसारखी औषधं दर आठवड्याला मारली तर अळीवर जगणाऱ्या कोटेशियासारख्या गांधीलमाश्या आधी मरतात आणि अळी उरते.

माव्यासाठी वेगळा विचार करा. फुगलेला, तपकिरी, कडक मावा दिसला तर त्यात परोपजीवी माशी वाढतेय. मावा खाणारे ढालकिडेही असतील तर अर्कावर भागेल. मावा कोंबात दाटला असेल तरच ॲसिटामिप्रिड २० एसपी एकरी ३० ग्रॅम. मावा आणि अळी दोन्ही जोरात असतील तर टोल्फेनपायरॅड १५ ईसी एकरी ४०० मिलि दोन्हींवर चालतं, म्हणजे दोन औषधं मिसळायची गरज नाही. मोनोक्रोटोफॉस कोणी सुचवलं तर घेऊ नका. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आहे.

गड्डा दिसू लागला की तेलकट फवारणी थांबवा, डाग पडतात. काढणीच्या आधी स्पिनोसॅड आणि इमामेक्टिनला किमान ३ दिवस, टोल्फेनपायरॅडला ५ आणि ॲसिटामिप्रिडला ७ दिवस सोडा. तणनाशकाचा पंप या कामाला वापरू नका, आणि हातमोजे, मास्क घालूनच फवारा.