मराठी माध्यमातून दहावी झाली, आता अकरावी सायन्स इंग्रजीत. शब्दसंग्रह कसा वाढवू?

आधी 'ऑस्मोसिस', 'व्हेलॉसिटी' असे विषयाचे शब्द घोकणं थांबव. त्यांची व्याख्या पुस्तकात असते, सर वर्गात समजावतातही. मुलं अडतात ती 'अझ्यूम' (assume, गृहीत धरणं), 'डिराइव्ह' (derive, सूत्र पायरीपायरीने काढून दाखवणं), 'व्हेरी' (vary, बदलणं) अशा शब्दांवर. फिजिक्स असो की बायोलॉजी, ते सगळीकडे येतात आणि कुणी थांबून अर्थ सांगत नाही. प्रश्नात 'डिराइव्ह' म्हटलंय आणि मुलाने नुसतं सूत्र लिहिलं, की येत असूनही मार्क जातात. हुशार मुलांचं असं होताना बघून फार वाईट वाटतं.

न्यूझीलंडच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली नेमक्या अशाच शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत आणि विद्यापीठीय स्तरावरच्या लेखनातला साधारण १० टक्के मजकूर त्यांतूनच येतो. नेटवर ती फुकट मिळते. सर्वांत जास्त वापरातले ६० शब्द पहिल्या गटात आहेत, तिथूनच सुरुवात कर.

वहीत नुसता अर्थ नको, तुझ्या पाठ्यपुस्तकातलं अख्खं वाक्य उतरव. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने अर्थ झाकून आठवून बघ. नुसतं वाचत गेलास तर परीक्षेत आठवणार नाही. आणि व्याकरणाच्या क्लासला पैसे घालायची घाई सध्या तरी करू नकोस.