वाचकांचे प्रश्न : संघ एप्रिलमध्येच गडगडला तर?

प्रश्न : बेसबॉलचा हंगाम सुरू होऊन महिना झाला आणि आमचा संघ 28 पैकी 18 सामने हरून बसला आहे. एवढ्यातच आशा सोडायची का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नाही. आधी हिशेब मांडा. हंगाम 162 सामन्यांचा, म्हणजे अजून 134 बाकी आहेत. प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) किती विजय लागतात हे दर वर्षी बदलतं. 2023 मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स 84 विजयांवर आत आले आणि थेट वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) खेळले. 2024 मध्ये त्याच संघाला 89 जिंकूनही घरी बसावं लागलं. आपण 88 धरू. तुमच्या संघाला 134 पैकी 78 जिंकावे लागतील, म्हणजे दर बारा सामन्यांत सात. अवघड आहे, अशक्य मुळीच नाही.

आता संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावा बघा. केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा, आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. समजा 120 धावा केल्या आणि 124 दिल्या. वर्ग 14,400 आणि 15,376, बेरीज 29,776, भागाकार 0.484. म्हणजे 28 सामन्यांत साडेतेरा विजय मिळायला हवे होते, मिळाले 10. असं असेल तर संघ एकेका धावेने हरतो आहे, आणि ते सहसा असंच चालू राहत नाही. पण केलेल्या धावा 95 आणि दिलेल्या 150 असतील, तर गुणतक्ता खरं बोलतो आहे असं समजा.

प्रश्न : आमच्या सर्वात महागड्या फलंदाजाची सरासरी 0.200 आहे. तो संपला का? (सॅन होजे)

उत्तर : सरासरी म्हणजे हिट (बेसवर पोचवणारे फटके) भागिले अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपा). ती बाजूला ठेवा, दुसरा आकडा काढा. हिटमधून होम रन (भिंतीपलीकडे गेलेले फटके) वजा करा. मग अ‍ॅट-बॅटमधून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि होम रन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी साथीदाराला धाव घेऊ देणारे फटके) मिळवा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले, ते यातून कळतं. 100 अ‍ॅट-बॅट, 20 हिट, त्यात 3 होम रन, 24 स्ट्राइकआउट, 1 सॅक्रिफाइस फ्लाय असेल तर 17 भागिले 74, म्हणजे 0.230. साधारणपणे हा आकडा 0.300 च्या आसपास असतो. तेवढा असता तर त्याचे पाच हिट वाढून सरासरी 0.250 झाली असती. महिनाभरात पाच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये जाण्याऐवजी हातभर बाजूला पडले असते, तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता!

एप्रिलच्या थंडीचाही वाटा असतो. 10 अंश सेल्सिअसला उंच मारलेला चेंडू 30 अंशांच्या मानाने तीन-साडेतीन मीटर अलीकडे पडतो. भिंतीपाशी झेल जाणारे काही फटके जुलैत भिंतीपलीकडे जातात.

स्ट्राइकआउट मात्र गांभीर्याने घ्या. साठेक वेळा फलंदाजीला आल्यावर हे प्रमाण बऱ्यापैकी स्थिरावतं. गेल्या वर्षी दर पाच वेळांत एक असणारा आता तीनांत एक बाद होत असेल, तर त्याला वेगवान चेंडूपर्यंत पोचायला उशीर होतो आहे. ते आपोआप सुधारत नाही.

प्रश्न : 2019 च्या वॉशिंग्टन नॅशनल्सचं उदाहरण सगळे देतात. नेमकं काय बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं? (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

उत्तर : 23 मे 2019 ला न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्धचा सलग चौथा सामना हरल्यावर नॅशनल्सची स्थिती होती 19 विजय, 31 पराभव. कारणं दोन, आणि ती वेगळी करून बघायला हवीत.

पहिलं, दुखापती. एप्रिलच्या दुसऱ्याच दिवशी बंट करायला (चेंडू हलकेच टेकवायला) बॅट आडवी धरलेली असताना ट्रे टर्नरच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर चेंडू आदळला आणि बोट मोडलं. बंट करताना वरचा हात बॅटच्या जाड भागापर्यंत सरकतो; बोटं बॅटच्या मागे न लपवता पुढे राहिली तर आत येणारा चेंडू थेट त्यांच्यावर बसतो. त्या एकाबरोबर शॉर्टस्टॉपही (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गेला आणि पहिल्या क्रमांकाचा वेगवान धावपटूही. त्यातच अँथनी रेंडन, हुआन सोटो आणि रायन झिमरमन हेही काही काळ बाहेर होते. टर्नर मेच्या मध्यावर परतला. ही माणसं परत येणार हे ठरलेलं होतं, म्हणून हा तात्पुरता खड्डा होता.

दुसरं कारण बुलपेन, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर (गोलंदाजानंतर) येणारे राखीव पिचर, आणि ते खरोखर वाईट होतं. आघाडी घेऊन सातव्या-आठव्या इनिंगमध्ये सामने घालवले जात होते. मेच्या सुरुवातीला पिचिंग कोच बदलला, जुलैअखेर डॅनियल हडसनसारखे पिचर आणले, तरीही पूर्ण हंगामात बुलपेनचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) पाचाच्या वरच राहिला. म्हणजे दुखणं बरं झालंच नाही, ते झाकलं गेलं. शेर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन हे सुरुवातीचे पिचर इतके दमदार होते की बुलपेनला कमी इनिंग टाकाव्या लागल्या, आणि प्लेऑफमध्ये त्यांनाच मधल्या इनिंगमध्ये आणलं. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात कॉर्बिनने बुलपेनमधून येऊन तीन इनिंग टाकल्या. उरलेल्या 112 पैकी 74 जिंकून हा संघ 93 वर पोचला आणि 30 ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये विजेता झाला.

तुमच्या संघाची तुलना नॅशनल्सशी करायची असेल तर एकच गोष्ट तपासा : सुरुवातीचे पिचर तितके चांगले आहेत का? नसतील तर हे उदाहरण तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न : मॅनेजरला काढलं तर फरक पडतो का? (शिकागो)

उत्तर : कधी पडल्यासारखा दिसतो. 2022 मध्ये फिलाडेल्फिया फिलीज 22-29 (22 विजय, 29 पराभव) असताना जो जिरार्डींना काढलं. रॉब थॉमसन यांच्या हाताखाली संघाने 111 पैकी 65 जिंकले आणि वर्ल्ड सिरीज गाठली. उलट 1988 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सनी पहिल्या सहा पराभवांनंतरच मॅनेजर बदलला आणि पुढचे आणखी पंधरा सामने हरले. नॅशनल्सनी 2019 मध्ये मॅनेजर डेव्ह मार्टिनेझना ठेवलं आणि तेच विजेते झाले. खेळाडू चांगले असतील तर बदल फळतो, एवढंच आमचं मत.

प्रश्न : मायनर लीगमधली तरुण पोरं वर का आणत नाहीत? (डॅलस)

उत्तर : कारण कोणाला तरी खाली पाठवावं लागतं. मुख्य संघात 26 जागा. खेळाडूच्या नावावर ऑप्शन (खाली पाठवण्याची मर्यादित मुभा) शिल्लक असेल तर त्याला सहज खाली पाठवता येतं. ऑप्शन संपले असतील तर त्याला आधी वेव्हरवर ठेवावं लागतं आणि दुसरा कोणताही संघ उचलू शकतो. पाच वर्षं सेवा झालेल्याची संमती लागते. म्हणून एप्रिलमध्ये मार खाणारा एखादा पिचर महिनाभर तसाच दिसतो : त्याला सोडलं तर तो फुकट जाईल, ही भीती.

शिवाय कित्येकदा असलेला माणूसच दुरुस्त होतो. 2024 चे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज 7-19 अशा गाळात होते. हंटर ब्राउनच्या सुरुवातीच्या सामन्यांत धावांचा पाऊस पडत होता. उजव्या हाताचे फलंदाज बाहेरच्या चेंडूसाठी प्लेटवर (फलंदाजाशेजारच्या पाटीवर) बिनधास्त झुकत होते, कारण आत शिरणारा चेंडू त्याच्याकडे नव्हता. मे महिन्यात त्याने सिंकर आणला. हा चेंडू उजव्या फलंदाजाच्या मुठीकडे वळत खाली जातो. फलंदाजाला आतली बाजू सांभाळावी लागली आणि बाहेरचे चेंडू पुन्हा चालू लागले. अ‍ॅस्ट्रोजनी 88 विजयांसह आपला विभाग जिंकला.

प्रश्न : मग आशा सोडायची तरी कधी? (टोरांटो)

उत्तर : मेअखेर सरासरी दर सामन्याला एक धाव किंवा जास्त तूट असेल, सुरुवातीच्या पिचरांचा वेग गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोनेक मैलांनी घटलेला असेल आणि दुखापतीच्या यादीतून परत येणारं मोठं नाव नसेल, तर त्या वर्षापुरतं पाणी सोडा. 2024 चे शिकागो व्हाइट सॉक्स 3-22 असे सुरू झाले आणि 121 पराभवांवर थांबले. त्यांच्या 507 आणि 813 धावा वरच्या सूत्रात घातल्या तर 45 विजय येतात, मिळाले 41. नशिबाला दोष द्यायला जागाच नव्हती.

मधली स्थिती जास्त त्रासाची असते. 2023 चे सेंट लुईस कार्डिनल्स 10-24 नंतर सावरतील असं भल्याभल्यांना वाटत होतं. ते 71-91 वर विभागात शेवटचे राहिले. पण जुलैअखेरच्या मुदतीआधी त्यांनी जॉर्डन मॉन्टगोमेरी आणि जॉर्डन हिक्स यांना देऊन तरुण खेळाडू घेतले. तुमचा संघ तोवर सावरला नसेल, तर ऑगस्टपासून निकालांपेक्षा त्या बदल्यात आलेल्या मुलांचे स्ट्राइकआउट आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) बघत जा. पुढचा एप्रिल कसा जाईल, याचा अंदाज तिथेच येतो.