ॲक्वेरियममध्ये ‘नॅनो सिल्व्हर’ घातलं तर माशांना काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या गोल्डफिशच्या परांवर कापसासारखी बुरशी दिसली. दुकानदाराने ‘नॅनो सिल्व्हर, 500 पीपीएम’ लिहिलेली, चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची बाटली दिली आणि 40 लिटरच्या टाकीत रोज एक टोपण, म्हणजे 5 मिली, आठ दिवस घालायला सांगितलं. दोन दिवस झाले, आता मासे वर येऊन तोंड उघडताहेत. घरचे म्हणतात, बाळाला आपण चांदीच्या वाटीत भरवतो, मग चांदीने माशाला काय होणार?

औषध आजच बंद करा. कारण सांगते. मी तुमच्याच बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवते, आणि झेब्राफिशच्या अंड्यांवर अशाच कणांचा परिणाम बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आधी वाटीचं बघू. एक ग्रॅम चांदीचा भरीव मणी घेतला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस सेंटिमीटर भरतो. तेवढ्याच चांदीचे 10 नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोल कण केले तर पृष्ठभाग होतो सुमारे 57 चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढा. चांदी पाण्यात उतरते ती पृष्ठभागावरूनच, आयनच्या म्हणजे विद्युतभारित अणूंच्या रूपात. वाटीतून ती नगण्य सुटते, या कणांतून सतत सुटत राहते.

दुसरं म्हणजे बाळ वाटीत बसून श्वास घेत नाही. मासा मात्र चोवीस तास त्या पाण्यातच असतो आणि त्याचे कल्ले उघडे असतात. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे अंगातलं मीठ सारखं बाहेर झिरपतं. ते परत आत ओढायला कल्ल्यांच्या पेशींत सोडियमचे पंप असतात. चांदीचा आयन नेमका हाच पंप बंद पाडतो. मासा तोंड उघडतो म्हणून आपल्याला वाटतं त्याला हवा कमी पडतेय, पण चांदीच्या विषबाधेत तो मुख्यतः अंगातलं मीठ गमावून मरतो. रक्त घट्ट होत जातं आणि शेवटी हृदय थकतं.

आता तुमच्या टाकीचा हिशेब. 500 पीपीएम म्हणजे लिटरमागे 500 मिलिग्रॅम, तेव्हा 5 मिलीत 2500 मायक्रोग्रॅम चांदी असते. 40 लिटरला भागा: एका टोपणाला लिटरमागे 62 मायक्रोग्रॅम, दोन दिवसांत 125. पूर्ण विरघळलेली चांदी गोड्या पाण्यातल्या माशांपैकी निम्मे 96 तासांत मारते ती लिटरमागे साधारण 5 ते 70 मायक्रोग्रॅमला. घाबरू नका, हे दोन आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. बाटलीतली बहुतेक चांदी अजून कणांच्या रूपात आहे, आणि तेवढ्याच वजनाची नॅनो चांदी सहसा आयनपेक्षा बरीच सौम्य ठरते. पण पाण्यात ती साठ्यासारखी बसून राहते, हळूहळू आयन सोडते, आणि तुम्ही रोज त्यात भर घालताय.

पाणी कुठलं, यावरही पुष्कळ ठरतं. आजवा तलावातून येणारं नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं जड, मचूळ पाणी यांत एकच डोस वेगळा वागतो. क्षार जास्त असले की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि क्लोराइड (मिठातही असणारा घटक) चांदीला बांधून ठेवतं. म्हणूनच ‘माझ्या माशांना काही झालं नाही’ या दुकानदाराच्या अनुभवावर मी विसंबणार नाही. तो खोटं बोलत नसेल, त्याचं पाणी वेगळं असेल.

मला सगळ्यात जास्त काळजी फिल्टरची वाटते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात. चांदी बुरशी मारते म्हणून तुम्ही ती घातलीत, पण हे जिवाणू चांदीला फार लवकर बळी पडतात. ते गेले की अमोनिया वाढतो, कल्ले जळतात, आणि मासा वर येऊन तोंड उघडतो. तुमच्या माशांची लक्षणं याच्याशीही जुळतात.

या विषयात घाईने निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना 2004 च्या एका प्रयोगावरून सांगते. कार्बनच्या फुलरीन नावाच्या चेंडूसारख्या अतिसूक्ष्म कणांमुळे लार्जमाउथ बास माशांच्या मेंदूतल्या चरबीला इजा झाल्याचं अमेरिकेत इव्हा ओबरडॉर्स्टर यांना दिसलं आणि जगभर खळबळ उडाली. 2007 मध्ये झेब्राफिशच्या पिलांवरच्या कामातून पुढे आलं की कण पाण्यात मिसळायला वापरलेल्या द्रावकाचे अवशेषच बऱ्याच अंशी दोषी असावेत. तेव्हापासून नुसत्या द्रावकाचं एक भांडं वेगळं ठेवल्याशिवाय मी निकाल मानत नाही. तुमच्या बाटलीतही चांदीशिवाय काय आहे, ते लेबलवर लिहिलेलं नसणार.

उलटी चूकही होते, म्हणजे धोका असून दिसत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जलपिसू या पाण्यातल्या इवल्याशा जिवाच्या कवचावर चिकटून बसतात आणि तिला कात टाकणं जड जातं. नेहमीच्या 48 तासांच्या चाचणीत ती ठणठणीत दिसते, चाचणी 96 तासांवर नेली की मरताना दिसते. म्हणून ‘दोन दिवसांत मेले नाहीत, म्हणजे सुरक्षित’ हे धरून चालू नका.

आता करायचं ते. एक तृतीयांश पाणी आज बदला, तेवढंच उद्या. नवं पाणी क्लोरीन उडालेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं. एअर पंप चालू ठेवा, दोन दिवस खाणं देऊ नका. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे 40 लिटरला 40 ग्रॅम साधं मीठ विरघळवून हळूहळू घाला. गोल्डफिशला ते सोसतं, त्याच्या अंगातून मीठ झिरपणं कमी होतं आणि क्लोराइड सुट्या चांदीलाही धरतं. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, उरलेसुरले जिवाणूही जातील. अमोनियाचं किट आणून रोज मोजा.

काढलेलं पाणी अंगणातल्या पावसाळी कांसेत, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात, ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती. भुखी कांस काय किंवा दुसरी कुठली, ते पाणी विश्वामित्री नदीत जातं. बाथरूमच्या मोरीत ओता. गटाराच्या पाण्यात सल्फाइड असतं, त्याच्याशी मिळून चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते जवळजवळ विरघळत नाही, विषारीपणा खूप उतरतो आणि बहुतेक चांदी शुद्धीकरण केंद्राच्या गाळात बसते. उघड्या पाण्यात ही सोय नसते. कॅनडात 2014 आणि 2015 मध्ये संशोधकांनी एका आख्ख्या प्रायोगिक तळ्यात, लेक 222 मध्ये, नॅनो चांदी सोडून पाहिली. पर्च आणि पाइक माशांच्या अंगात, विशेषतः यकृतात, चांदी साठली आणि पर्चची संख्या घटली. आपल्या नदीत मासे आहेत आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मगरी आहेत.

बुरशीचं नंतर बघू. ती बहुतेक वेळा जखमेवर आणि घाण पाण्यात धरते. तीन दिवसांचे अमोनियाचे आकडे, टाकीत किती मासे आहेत आणि पाणी नळाचं की बोअरचं, एवढं इथेच खाली लिहा.